एका मुलाची अंगणवाडी

आमच्या ओट्यावर बसलं की डाव्या हाताला मुंबई-आग्रा हायवे दिसतो आणि समोर अंगणवाडी. सोनगीरच्या किल्ल्याचं टोकही दिसतं, पण त्याच्याकडे बघायला गावातल्या माणसाला फुरसत कुठं? मला आहे. मी एस.टी.त कंडक्टर होतो. धुळे, शिरपूर, दोंडाईचा करता करता जन्म गेला, बायको गेली, मुलगा नाशिकला स्थायिक झाला, आणि मी ओट्यावर. गाडी भरली आहे की रिकामी, हे मला मागे वळून न पाहता आवाजावरून कळायचं. ती खोड अजून गेलेली नाही. म्हणून छातीठोकपणे सांगतो, समोरची अंगणवाडी गेली काही वर्षं रिकामी धावत होती. वेळेवर सुटायची, वेळेवर लागायची, पण आत बसलेलं पॅसेंजर एकच.

ती चालवायची रत्ना. कागदावर ‘सेविका’, मुलांची ताई, आणि मला नाना म्हणणारी म्हणून माझ्या तोंडी नुसती रत्ना. तिचा नवरा रुपचंद कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. तेव्हा तिची मुलगी लहान होती. आता ती मुलगी सुरतेला दिली आहे. फोन करते, पण तिचा नवरा घरी यायच्या वेळेला ठेवून देते. रत्नाच्या घरात ती एकटी, आणि अंगणवाडीतही एकटी, कारण तिची मदतनीस मंजुळाबाई निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेलीच नाही. भरू, भरू असं वरून सांगतात. त्यामुळे झाडणारी रत्ना, पाणी भरणारी रत्ना, खिचडी शिजवणारी रत्ना आणि शिकवणारीही रत्नाच.

कुणी चुकून तिच्या पगाराचा विषय काढला की ती लगेच दुरुस्ती करायची. “पगार नही नाना, मानधन शे ते. मान लगेच भेटस, धनले टाईम लागस.” हे ती हसून सांगायची. दिल्लीचा हिस्सा आला की मुंबईचा अडकायचा, मुंबईचा आला की धुळ्यात कुणीतरी रजेवर. मध्ये सगळ्या सेविका संपावर गेल्या तेव्हा हीसुद्धा धुळ्याला मोर्चात जाऊन घसा बसवून आली होती. परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर कुलूप उघडून खोली झाडली. मी म्हटलं, अगं संप आहे ना? तर म्हणाली, उंदीर काही संपावर नाहीत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ही अंगणवाडी मारुतीच्या पारावर भरायची, नंतर माझ्याच गोठ्यात भरायची. मग इमारत मंजूर झाली. भिंती झाल्या आणि छपराची मंजुरी यायला एक निवडणूक जावी लागली. पण पोरं? पोरं मावत नव्हती. रात्रपाळी करून आलो की दुपारी डोळा लागायचा नाही इतका कलकलाट. मी एकदा भांडायला गेलो होतो तिच्याशी. तिनं मला एक रडकं पोर हातात दिलं आणि म्हणाली, याला गप करा, मग बाकीच्यांना मी गप करते. मी ते पोर घेऊन अर्धा तास अंगणात येरझाऱ्या घालत होतो. भांडायचं राहूनच गेलं.

आता दुपारी छान झोप लागते. इतकी शांतता आहे, की मलाच नको वाटते.

झालं असं, की हायवेच्या पुलापाशी जे मंगल कार्यालय आहे, त्याचा पुढचा भाग एका धुळ्याच्या माणसानं भाड्यानं घेतला आणि तिथं इंग्लिश नर्सरी काढली. त्याची आधी बियाण्यांची एजन्सी होती. बियाण्यात उधारी फार, वसुलीला शेतकऱ्यांच्या दारोदार फिरावं लागतं. नर्सरीत फी आधी आणि पोर नंतर. माणूस हुशार. बघता बघता अशा चार शाखा झाल्या त्याच्या. भिंतीवर अस्वलं रंगवली, प्लास्टिकची घसरगुंडी आणली आणि एक पिवळी व्हॅन गावोगाव फिरवली. त्या व्हॅननं रोज सकाळी आमच्या चौकात येऊन हॉर्न दिला, की घराघरातून टाय लावलेली एवढी एवढी पोरं बाहेर पडायची. ज्यांचे बाप सकाळी चहात दूध नाही म्हणून कटकट करतात, त्यांचीही. मी कुणाला नावं ठेवत नाही. आपल्या पोरानं इंग्रजीत ‘पाणी दे’ म्हटलं की आईच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आणि सरकारी गोष्ट फुकट असते, म्हणजे ती वाईटच असणार, हे आता लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही.

पण गंमत पुढेच आहे. पोरं व्हॅनमध्ये गेली, तरी त्यांची नावं मात्र अंगणवाडीतच राहिली. कारण नाव असलं की दर महिन्याला सरकारी पोषण आहाराची पाकिटं मिळतात. कुणी ती पोरांना शिजवून घालतं, कुणाची शेळी खाते. शेळ्या बाळसेदार झाल्या आहेत आमच्या गावातल्या. पाकीट द्यायचं तर हल्ली मोबाइलसमोर आईचा चेहरा दाखवावा लागतो, आणि तो चेहरा जिवंत आहे याची खात्री पटावी म्हणून डोळे मिचकवावे लागतात. सरकारनं दिलेला तो मोबाइल इतका मंद, की बायका रांगेत उभ्या राहून डोळे मिचकावून मिचकावून थकायच्या. “आखो किती येळ डोळा मिचकाडू वं ताई?” अशी तक्रार व्हायची आणि सगळ्या हसायच्या. त्या हसण्यात रत्ना हळूच विचारायची, “पाकीट ते ली जाशी, पोर कधय धाडशी?” की लगेच सगळ्यांना घरी चुलीवर काहीतरी ठेवलेलं आठवायचं.

तर सगळ्या गावाची नावं रत्नाकडे आणि पोरं दुसरीकडे. बारकी पोरं कापूस वेचायला गेलेल्या आयांबरोबर शेतात. खरोखर रोज येणारं, रत्नासमोर मांडी घालून बसणारं मूल एकच होतं. नाजमीन.

हायवेला सरदारचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि बाजेवर टाकलेलं पोतं. सरदार मूळचा पारोळ्याकडचा, बायको कनीज धुळ्याची. ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलतो, आमच्याशी अहिराणीत, आणि बायकोशी बहुधा बोलतच नाही, ऐकून घेतो. त्यांची ही एकुलती एक मुलगी. नाजमीन चालायला लागली तशी ट्रकांच्या चाकाखाली खेळायला लागली, म्हणून सरदारनंच तिला आणून रत्नाच्या खोलीत बसवली. पहिले काही दिवस या पोरीनं जो गोंधळ घातला, तो मी ओट्यावरून पाहिलाय. रत्नाला चावली. खिचडीचं ताट भिरकावलं. खिडकीचे गज धरून बापाच्या नावानं असा टाहो फोडायची, की हायवेवरचे ट्रकवाले थांबून बघायचे. रत्ना तिला कडेवर घेऊन सगळी कामं करायची. एका हातानं झाडायची, एका हातानं चूल सांभाळायची. मग एके दिवशी ती गप झाली, आणि त्यानंतर रत्नाच्या पदराला जी चिकटली ती चिकटलीच.

दोन वर्षं मी या दोघींना पाहत होतो. सकाळी रत्ना कुलूप उघडायच्या आधी पोर पायरीवर हजर. दोघी समोरासमोर उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या. रत्ना एका बाजूनं हात जोडून, पोर दुसऱ्या बाजूनं. हजेरी घ्यायची तर एकाच नावाची, पण रत्ना ती साग्रसंगीत घ्यायची आणि पोरही ‘हजर’ म्हणून ओरडायची. गाणी म्हणायची तर दोन सुरांत. फुगडी घालायची तर रत्नाच्या गुडघ्यांनी कुरकुर करत का होईना घालायची. खेळात राजा, चोर आणि प्रधान या सगळ्या भूमिका रत्नालाच कराव्या लागायच्या. पोर फक्त शिपाई व्हायची, कारण तिला कुणालातरी पकडायला आवडायचं. माझ्या ओट्यापर्यंत दोघींचं हसणं यायचं आणि मी पेपर खाली ठेवून ऐकत बसायचो. पोर आजारी पडून आली नाही तर रत्ना दर पाच मिनिटांनी दारात यायची, हायवेकडे बघायची, आत जायची. मला एकदा ती स्पष्टच म्हणाली होती, “नाना, ती येस म्हणून मी सेविका. नही ते मी फक्त चावीवाली.” खोलीत बसलेलं एक खरं मूल, एवढंच तिला पाहिजे होतं. बाकी मानधन वाढो, न वाढो.

दिवाळीनंतर हवा उठली, की जिथं पोरं कमी तिथल्या अंगणवाड्या बंद करून शेजारच्या गावाला जोडणार. खरं-खोटं कुणास ठाऊक. पण धुळ्याहून मोठ्या मॅडम बघायला येणार, हे नक्की झालं. शेजारचं गाव हायवेच्या पलीकडे. तिथं जायचं म्हणजे एवढ्याशा पोरीनं तो रस्ता ओलांडायचा. सरदार दुकान सोडून रोज दोनदा कुठं नेणार?

गावात मात्र वेगळीच घबराट. अंगणवाडी गेली तर पाकिटं गेली. ज्या बाया रत्नाला टाळत होत्या त्या सगळ्या एका संध्याकाळी तिच्या अंगणात गोळा झाल्या. पुढारीण कुंदाबाई, उपसरपंचाची बायको. तिनं तोडगा काढला. “एक दिवसना ते प्रश्न शे. त्या दिवस पोऱ्या गाडीम्हा नही धाडतस, तुन्हाकडे धाडतस. मॅडम देखतीन, खूश व्हतीन, निघी जातीन.”

रत्ना नाही म्हणाली. मी तिथंच होतो. ती म्हणाली, “मीठ उसनं लयतस, साखर उसनी लयतस. पोऱ्या कोठे उसना लयतस का वं?” कुंदाबाईला राग आला. ती पाय आपटत तिथून गेली. पण रात्र उलटली आणि सकाळी रत्ना स्वतः कुंदाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. का, ते मला विचारावं लागलं नाही. नाजमीन पायरीवर बसून एकटीच पाढा म्हणत होती, आणि हायवेवरून एक कंटेनर असा गेला की माझ्या ओट्याचा पत्रा थरथरला. त्या एका मुलीसाठी रत्नानं सगळ्या गावाची मुलं उसनी घ्यायचं कबूल केलं.

आता आमच्या लोकांची अक्कल बघा. पोरं अंगणवाडीत पाठवायची, मोठ्या मॅडम येणार, म्हणजे चांगले कपडे घालायला हवेत. आणि घरात सगळ्यात चांगला कपडा कोणता? नर्सरीचा युनिफॉर्म! त्या दिवशी सकाळी पोरं आली ती लाल टाय, कडक कॉलर आणि फटाफट चिकटणारे पट्ट्यांचे काळे बूट घालून. रत्नानं कपाळावर हात मारला. मॅडमची जीप पुलावर दिसत होती आणि ही बाई धडाधड पोरांच्या गळ्यातले टाय ओढून काढत होती. सगळे टाय तिनं खिचडीच्या मोठ्या पातेल्यात टाकले आणि वर झाकण ठेवलं. मी ओट्यावर पोट धरून हसलो. किती वर्षांनी त्या खोलीतून तसा कलकलाट येत होता! रत्नाचा चेहरा फुललेला. खोटं तर खोटं, पण भरलेली खोली ती, तिचा आवाजच वेगळा असतो. मलाही बरं वाटलं, का नाकारू?

मॅडम आत आल्या. चांगल्या बाई होत्या, हसतमुख. पोरांना म्हणाल्या, “तुमच्या ताईंचं नाव काय?”

सगळ्या खोलीनं एका सुरात सांगितलं, “मेघा मिस!”

मेघा मिस म्हणजे नर्सरीतली बाई. ओटा उतरून मीही तोवर बायांबरोबर दाराशी येऊन उभा होतो. कुंदाबाईनं पदर तोंडात धरला. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून नाजमीन ताडकन उठली आणि ओरडली, “रत्नाताई!” इतक्या जोरात, की मॅडमच दचकल्या.

मॅडमना सगळं समजलं. न समजायला त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी रत्नाकडे पाहिलं, रत्नानं जमिनीकडे. मग मॅडम सोबतच्या सुपरवायझर बाईंना म्हणाल्या, “उपस्थिती चांगली आहे म्हणून लिहा.” जीपमध्ये बसताना रत्नाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बंद करणं सोपं असतं हो, पुन्हा उघडणं कठीण. मी तरी माझ्या हातानं कशाला करू?”

अंगणवाडी वाचली. बायांनी आपापली पोरं ओढत घरी नेली, पातेल्यातले टाय अदलाबदल होऊन गेले, त्यावरून दोघींची भांडणं झाली. गावाला दोन दिवस चघळायला विषय मिळाला.

नुकसान कुठं झालं, ते आधी मला दिसलं. पोरं आत गाणी म्हणत होती तेव्हा नाजमीन मधेच बाहेर आली होती. दाराशी बुटांची ओळ लागली होती. ती उकिडवी बसली आणि एकेका बुटाची पट्टी उघडायची, चिकटवायची, उघडायची, चिकटवायची. मग एक बूट पायात घालून पाहिला. मोठा होता. तरी ती त्यात उभी राहिली, चार पावलं चालली आणि परत जागेवर ठेवून आत गेली. दोन वर्षं त्या पोरीला ठाऊकच नव्हतं, की गावात तिच्याएवढी इतकी मुलं आहेत आणि ती सगळी एकत्र कुठंतरी जातात. त्या दिवशी ठाऊक झालं.

दुसऱ्या दिवसापासून ती पायरीवर बसेना. चौकात, व्हॅन थांबते तिथं जाऊन उभी राहायची. व्हॅन भरायची, दार सरकायचं, व्हॅन जायची. ही धुरळ्यात उभी. मग हळूहळू चालत अंगणवाडीत यायची. प्रार्थनेला हात जोडायची, पण तोंड हलायचं नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायची ती उपकार केल्यासारखी. रत्ना नव्या नव्या गोष्टी रचून सांगायची, स्वतः माकड व्हायची, अस्वल व्हायची. पोर बघायची आणि विचारायची, “ताई, बठ्ठा कधय येतीन?” सगळे कधी येतील?

सोनगीरच्या बाजाराला रत्ना माझ्या स्कूटरवर बसून आली, ती तसले काळे, पट्ट्यांचे बूट घ्यायला. मी म्हटलं, तुला वेड लागलंय. ती म्हणाली, असू द्या. पोरीच्या मापाचे बूट मिळाले. नाजमीनला इतका आनंद झाला, की तिनं रत्नाच्या गळ्याला मिठी मारली, आणि बूट घालून पळत सुटली ती थेट व्हॅनपाशी. ड्रायव्हरला तिनं पाय दाखवले. आता मला नेशील ना, म्हणाली. त्यानं तिला बाजूला केलं आणि दार लावलं. रत्ना अंगणवाडीच्या दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, मी पेपर वर धरला.

त्या आठवड्यात सरदार आला. हात ग्रीसनं काळे, टोपी हातात. दारातच उभा राहिला. मी ओट्यावर, त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

“ताई, पोरगी रातभर गाडी गाडी करस. कनीज बी आते तेच बोलस. मी कसं बी करीसन फी भरसू.” मग थांबला. “तुम्ही संगे चला ना. माले तठे बोलता येवाव नही. तठल्या मॅडमसमोर मन्ही जीभ वळत नही.”

तो बिचारा खाली बघत पुढं म्हणाला, “आखो एक शे. बठ्ठा सांगतस, अंगणवाडीम्हाईन येल पोऱ्याले त्या एक वरीस खाले बसाडतस. म्हनतस, पहिलेथाईन शिकाडनं पडस. दोन वरीसनी फी मी कोठेन लयसू?”

अंगणवाडीतून आलेल्या मुलाला एक वर्ष खालच्या वर्गात बसवायचं, हे मीही ऐकलं होतं. त्यात नर्सरीवाल्याचा फायदाच, एक वर्ष फी जास्त. घरून थेट आलेलं पोर मात्र चार प्रश्न विचारून वरच्या वर्गात घ्यायचे.

सरदार गेल्यावर मी ओटा उतरून तिच्याकडे गेलो. मला संताप आला होता. “तू कशाले जास तठे? एकच पोर शे तुन्हाकडे, ती बी तूच नेईसन देशी का?”

ती वर न बघता तांदूळ निवडत होती. “नाना, ती गाडीमांगे धावस. रोज धावस. ते माले देखाई जात नही.” आणि मग म्हणाली, “इथं काय शे तिन्हासाठी? मी एकली. पोऱ्याले पोऱ्या लागतस.”

मला राग नक्की कुणाचा आला होता, कुणास ठाऊक. रत्नाचा नव्हता.

सोमवारी सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं गणवेशाची साडी नेसलेली नाही. लग्नाकार्याला नेसते ती जांभळी साडी होती. सरदार पुढं मोटारसायकलवर, टाकीवर नाजमीन. आम्ही चौघं मंगल कार्यालयाच्या त्या अस्वलं रंगवलेल्या भिंतीपाशी उतरलो.

मेघा मिस पंचविशीची मुलगी. सोनगीरची. डी.एड. करून सरकारी भरतीची वाट बघत बसलेली, म्हणजे तीही आपल्यातलीच. बोलायला गोड. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, नाजमीनला गोळी दिली आणि सरदारला विचारलं, “याआधी कुठं जात होती का मुलगी? अंगणवाडी वगैरे?”

सरदारनं रत्नाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम. खोटं त्याला बोलायचं नव्हतं आणि खरं परवडत नव्हतं. नाजमीन गोळी चघळत होती. कोणत्याही क्षणी ती तोंड उघडेल, याची मला धास्ती होती.

“नाही,” रत्ना म्हणाली. शांतपणे, शुद्ध मराठीत. “कुठंच नाही. घरीच होती.”

मेघा मिसनं मुलीला जवळ घेतलं. रंग विचारले, प्राण्यांचे आवाज काढायला लावले, दहापर्यंत मोजायला सांगितलं. नाजमीननं धडाधड सगळं सांगितलं आणि न विचारता एक गाणंही हातवारे करून म्हटलं. पंजे फिरवायची, मान डोलवायची ती लकब रत्नाची, तंतोतंत. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“अरे वा!” मेघा मिस खूश झाली. “ही वरच्याच वर्गात बसेल. घरी कोण शिकवतं हो हिला?”

“तिची आई,” रत्ना म्हणाली.

कनीजला सही येत नाही. सरदारनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

“आणि तुम्ही?”

“मी त्यांच्या शेजारी राहते.”

मग मेघा मिस उठली, नाजमीनचा हात धरला आणि म्हणाली, चल, तुला तुझा वर्ग दाखवते. दार उघडलं तसा आतून कलकलाट आला. वर्गाच्या दारात एक नवीन आलेलं पोर आईच्या पायाला मिठी मारून हमसून हमसून रडत होतं, दुसरं कोपऱ्यात नाक ओढत होतं. नाजमीननं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पायातले बूट सवयीनं काढून भिंतीला लावून ठेवले, आत गेली आणि दोन मुलींच्या मधली जागा बघून मांडी घालून बसली. हात मांडीवर. पाठ ताठ. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मेघा मिस परत आली ती नवल करत. “घरातून पहिल्यांदाच बाहेर पडली आणि अजिबात रडली नाही. पहिल्या दिवशी एकही मूल असं बसत नाही हो.”

“हो ना,” रत्ना म्हणाली. “पहिल्यांदाच आली.”

आम्ही बाहेर पडलो. सरदार रत्नाच्या पाया पडायला वाकला, तिनं त्याचा खांदा धरून त्याला उठवलं आणि दुकान उघड जा म्हणाली. आम्ही स्कूटरवर निघालो. पुलाच्या अलीकडे तिनं माझ्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. मी थांबलो. ती उतरली, कठड्यापाशी गेली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. रुपचंद गेला तेव्हा मी तिला पाहिलं होतं, तेव्हाही ती अशी रडली नव्हती. स्कूटरचं हँडल धरून मी नुसता उभा राहिलो. ट्रक जात होते.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तठे ती जराशी रडती ना नाना, ते माले बरं वाटतं.”

मी स्कूटरला किक मारली.